चार रंगांचा तक्ता आणि बेसिनचे पाणी

खारपाणपट्ट्यातल्या माणसाला एक गोष्ट शिकवावी लागत नाही. विहिरीचे खारे पाणी कितीही उकळले तरी ते गोड होत नाही. उकळल्याने जंतू मरतात, मीठ मात्र तिथेच राहते. उलट वाफ निघून गेल्यामुळे उरलेले पाणी थोडे अधिकच खारट होते. बुलढाणा जिल्ह्यातील संग्रामपूर तालुका पूर्णा नदीच्या या खाऱ्या पट्ट्यात येतो. तेथील शाळेतल्या सहावी-सातवीच्या मुलालाही 'जंतू मारणे' आणि 'पाणी शुद्ध करणे' या दोन वेगळ्या क्रिया आहेत हे अनुभवाने ठाऊक असते.

आपल्या देशातील जैव-वैद्यकीय कचऱ्याचे नियम वाचताना मात्र असे वाटते की, हा साधा फरक नियम करणाऱ्यांच्या नजरेतून थोडासा निसटला असावा. या लेखात आम्ही त्या नियमांचे परीक्षण करणार आहोत. नियम म्हणजे काही कथा-कादंबरी नव्हे, त्याचे परीक्षण कसले, असे कोणी म्हणेल. पण नियम हाही एक मजकूरच असतो. त्यात काय लिहिले आहे, काय लिहायचे राहिले आहे आणि तो वाचून माणूस प्रत्यक्षात काय करतो, हे तपासता येते. हा मजकूर आम्ही मुंबई-पुण्याच्या मोठ्या रुग्णालयात बसून नव्हे, तर तालुक्याच्या गावातील दोन खोल्यांच्या पॅथॉलॉजी प्रयोगशाळेच्या बेसिनपाशी उभे राहून वाचायचे ठरवले आहे.

नियमाचे श्रेय

प्रथम जे चांगले आहे ते नीट सांगू. १९९८ च्या जुलैमध्ये या विषयावरचे पहिले केंद्रीय नियम आले. त्यांत कचऱ्याचे दहा वर्ग होते. दहा वर्ग लक्षात ठेवणे सफाई कामगाराला तर सोडाच, डॉक्टरांनाही जड जात असे. २८ मार्च २०१६ रोजी आलेल्या नव्या नियमांनी ही गुंतागुंत कमी करून चार रंग ठरवले. पिवळ्यात शरीराचे अवयव, रक्ताने माखलेला कापूस, मुदत संपलेली औषधे, लालमध्ये नळ्या, हातमोजे यांसारखे पुन्हा वापरात आणण्याजोगे प्लास्टिक, पांढऱ्या, न टोचणाऱ्या डब्यात सुया आणि पाती, निळ्यात काच. हा तक्ता आज बहुतेक दवाखान्यांच्या भिंतीवर दिसतो. क्लोरीनयुक्त प्लास्टिकच्या पिशव्या बंद करणे, पिशव्यांना बारकोड लावणे, प्रयोगशाळेतील जंतूयुक्त कचरा जागेवरच निर्जंतुक करून मगच बाहेर पाठवणे, या तरतुदीही उत्तम आहेत. सुई टोचून होणारा संसर्ग आणि कचरा वेचणाऱ्यांना असलेला धोका कमी करण्याच्या दृष्टीने या नियमांचे मोल कोणी नाकारू नये.

नियमांची व्याप्तीही मोठी आहे. पॅथॉलॉजी प्रयोगशाळा, रक्तपेढ्या, जनावरांचे दवाखाने, लसीकरणाची शिबिरे, इतकेच नव्हे तर शाळांच्या प्रथमोपचार खोल्याही त्यांत येतात. म्हणजे हा विषय आपल्या वाचक शिक्षकांच्या दारापर्यंत आलेला आहे.

पिशवी दिसते, नळी दिसत नाही

आता तक्त्यातील पिवळा रकाना शेवटपर्यंत वाचू. त्यात रासायनिक द्रव कचऱ्याचा एक पोटवर्ग आहे. क्ष-किरण फिल्म धुण्याचे चांदीयुक्त द्रावण, टाकून दिलेले फॉर्मेलिन, प्रयोगशाळेतून निघणारे द्रव, फरशी धुतल्याचे पाणी हे सारे त्यात धरले आहे. त्याच्यासाठी नियम सांगतो की, ते वेगळे गोळा करावे, त्यातून परत मिळवण्याजोगे जे असेल ते मिळवावे आणि उरलेल्या द्रवावर प्रक्रिया करून मगच ते इतर सांडपाण्यात मिसळू द्यावे.

कागदावर हे बरोबरच आहे. पण बाकीच्या सर्व वर्गांना पिशवी किंवा डबा आहे आणि ती पिशवी नेणारी गाडी आहे. या एका वर्गाला पिशवी नाही. त्याला हवी वेगळी नळी आणि प्रक्रिया करणारी टाकी. मोठ्या रुग्णालयात ती बांधता येते. दोन खोल्यांच्या भाड्याच्या जागेतील प्रयोगशाळेत एकच बेसिन असते आणि त्याची नळी बाहेरच्या उघड्या नालीत किंवा शोषखड्ड्यात जाते. कचरा नेणारी गाडी येते, पिशव्या मोजून नेते. बेसिनमधून काय गेले ते कोणी मोजत नाही.

२०१८ व २०१९ मधील दुरुस्त्यांनी दहा किंवा त्याहून कमी खाटांच्या दवाखान्यांना सांडपाण्याची मानके पाळण्यासाठी ३१ डिसेंबर २०१९ ही मुदत दिली. ज्यांच्याकडे खाटाच नाहीत अशांनी संसर्गजन्य द्रव कचरा निर्जंतुक करूनच सोडावा, असे सांगितले. गावातील प्रयोगशाळा या शेवटच्या गटात येते. तिचा चालक हे वाचतो आणि त्याच्या मनात एकच अर्थ उरतो: बादलीत हायपोक्लोराइट टाकले, वीस मिनिटे ठेवले, की काम संपले. रासायनिक द्रवाचा पोटवर्ग त्यालाही लागू आहेच. पण ठळकपणे सांगितला गेला तो जंतूंचा भाग. आमचा मुख्य आक्षेप इथे आहे. जंतूंवरचा उपाय रसायनांवरचाही उपाय असल्याचा समज या मांडणीतून पक्का होतो. खारे पाणी उकळण्यासारखाच हा प्रकार झाला.

बेसिनमध्ये काय जाते?

आता उदाहरणे घेऊ.

हिमोग्लोबिन मोजण्याची एक प्रमाणभूत पद्धत ड्रॅबकिनच्या द्रावणाची आहे. या द्रावणात लिटरला २०० मिलिग्रॅम पोटॅशियम फेरिसायनाइड आणि ५० मिलिग्रॅम पोटॅशियम सायनाइड असते. एका तपासणीला ५ मिलिलिटर द्रावण लागते. समजा, एखाद्या प्रयोगशाळेत या पद्धतीने रोज २० तपासण्या होतात. म्हणजे दिवसाला १०० मिलिलिटर, आणि वर्षाचे ३०० दिवस धरले तर ३० लिटर. त्यात पोटॅशियम सायनाइड येते दीड ग्रॅम. प्रौढ माणसाला पोटातून २०० ते ३०० मिलिग्रॅम प्राणघातक ठरू शकते, हे लक्षात घेतले की दीड ग्रॅम हा आकडा लहान वाटत नाही.

द्रावण पातळ असल्यामुळे एरवी त्याचा धोका कमी असतो, हे खरे. पण त्यात आम्ल मिसळले तर हायड्रोजन सायनाइड हा विषारी वायू सुटतो. आणि आम्ल त्याच ओट्यावर असते. क्षयरोगाच्या थुंकी तपासणीत झील-नील्सन पद्धतीने काचपट्टी रंगवताना २० ते २५ टक्के गंधकाम्ल वापरले जाते. साहलीच्या जुन्या पद्धतीत हायड्रोक्लोरिक आम्ल असते. दोन्ही द्रव एकाच बादलीत ओतले तर काय होईल, हे रंगांचा तक्ता सांगत नाही. हायपोक्लोराइटमध्ये आम्ल मिसळले तर क्लोरीन वायू सुटतो, हेही तो सांगत नाही. हायपोक्लोराइटने सायनाइड नष्ट करता येते, पण त्यासाठी द्रावण चांगले अल्कधर्मी, म्हणजे सामू १० च्या वर असावा लागतो. सामू खाली असेल तर मधल्या टप्प्यावर सायनोजेन क्लोराइड हा दुसरा विषारी वायू तयार होऊन बाहेर पडतो. याचा अर्थ असा की, जंतुनाशनाचे जे एकमेव द्रावण सर्वांच्या हाती दिले आहे, तेच चुकीच्या बादलीत धोका निर्माण करू शकते. २०२० साली कोविडच्या तपासण्या गावोगाव सुरू झाल्या तेव्हा विषाणूचे कवच फोडण्यासाठी ग्वानिडिन थायोसायनेट असलेली द्रावणे वापरात आली. त्यांत हायपोक्लोराइट मिसळल्यास सायनाइड वर्गातील विषारी वायू सुटतात, म्हणून तसे करू नये, अशी सूचना या संचांसोबत दिली जाते. तपासणी करणाऱ्या तंत्रज्ञाने ती वाचली असेल. नळ्या धुणाऱ्या मदतनिसापर्यंत ती पोचली का?

दुसरे उदाहरण या तालुक्याशी थेट जोडलेले आहे. संग्रामपूर, जळगाव जामोद, शेगाव या भागात मूत्रपिंडाच्या विकारांच्या तक्रारी अनेक वर्षांपासून आहेत आणि लोक त्यांचा संबंध खाऱ्या पाण्याशी लावतात. साहजिकच रक्तातील क्रिएटिनिनची तपासणी येथे नित्याची आहे. या तपासणीची जुनी आणि स्वस्त पद्धत माक्स याफे यांनी १८८६ साली नोंदलेल्या अभिक्रियेवर आधारलेली आहे. अल्कधर्मी माध्यमात क्रिएटिनिन आणि पिक्रिक आम्ल यांच्यापासून नारिंगी-तांबडा रंग येतो आणि त्याची तीव्रता मोजली जाते. पिक्रिक आम्ल द्रावणात असताना शांत असते. सुकून त्याचे स्फटिक झाले, की मात्र ते स्फोटक असते. एके काळी तोफगोळ्यांत तेच भरत. शिसे, तांबे यांसारख्या धातूंशी त्याचे जे क्षार बनतात ते आणखी संवेदनशील असतात. रोज १२ तपासण्या, प्रत्येकी १ मिलिलिटर द्रावण आणि त्यात लिटरला सुमारे २.३ ग्रॅम पिक्रिक आम्ल धरले, तर वर्षाला सुमारे ८ ग्रॅम आम्ल नालीत जाते. हे प्रमाण थोडे आहे. खरी भीती आहे ती कपाटात मागे राहिलेल्या, मुदत संपलेल्या आणि झाकणापाशी पिवळे स्फटिक जमलेल्या बाटलीची. अशी बाटली उघडायची नसते, हे किती जणांना सांगितले गेले आहे?

तिसरे उदाहरण सोडियम ॲझाइडचे. रिएजंट टिकावा म्हणून अनेक संचांत ते अगदी थोडे, बहुधा ०.१ टक्क्याहून कमी घातलेले असते. शिशाच्या किंवा तांब्याच्या नळीत ते वर्षानुवर्षे साठत गेले तर तेथे स्फोटक ॲझाइड तयार होतात. म्हणून ते भरपूर पाण्याने वाहू द्यावे असे सांगतात. पण हीच युक्ती बाकीच्या रसायनांना लावली, की 'पाणी सोडा, म्हणजे झाले' ही सवय लागते.

पाणी सोडल्याने काय होते याचा हिशेब चौथ्या उदाहरणात करू. लघवीतील साखर पाहण्याचे बेनेडिक्टचे द्रावण आपल्या शाळांतही असते. त्यात लिटरला १७.३ ग्रॅम मोरचूद, म्हणजे सुमारे ४.४ ग्रॅम तांबे असते. एका परीक्षानळीत ५ मिलिलिटर घेतले तर त्यात २२ मिलिग्रॅम तांबे आले. नदी-नाल्यात सोडण्याच्या सांडपाण्यासाठी देशातील सर्वसाधारण मानक लिटरला ३ मिलिग्रॅम तांबे असे आहे. म्हणजे एका परीक्षानळीतील द्रव मानकात बसवायला सात लिटरहून अधिक पाणी लागेल. आणि तेवढे पाणी ओतल्यावरही तांबे नाहीसे होणार नाही. ते फक्त पसरेल. ज्या भागात उन्हाळ्यात गोड पाणी विकत किंवा दुरून आणावे लागते, तेथे हा उपाय सुचवणेही बरे दिसत नाही.

मापनात राहिलेली जागा

कोणी म्हणेल, सांडपाण्याची मानके आहेत ना? आहेत. जैव-वैद्यकीय नियमांतील मानकात सहा गोष्टी आहेत. सामू ६.५ ते ९, तरंगते घन पदार्थ लिटरला १०० मिलिग्रॅम, तेल व वंगण १०, जैविक प्राणवायू मागणी ३०, रासायनिक प्राणवायू मागणी २५०, आणि सहावी माशांची कसोटी: न मिसळलेल्या सांडपाण्यात ९६ तासांनंतर ९० टक्के मासे जिवंत राहिले पाहिजेत. या यादीत सायनाइड, फिनॉल, फॉर्माल्डिहाइड, तांबे यांच्यासाठी स्वतंत्र मर्यादा नाही. ती सर्वसाधारण मानकांत आहे. तेथे सायनाइडची मर्यादा लिटरला ०.२ मिलिग्रॅम आहे. ड्रॅबकिनच्या ताज्या द्रावणात सायनाइड लिटरला सुमारे २० मिलिग्रॅम, म्हणजे या मर्यादेच्या शंभरपट असते. वापरात त्यातील काही हिमोग्लोबिनशी बांधले जाते, तरी अंतर मोठेच राहते.

म्हणजे आपल्या कायद्यांत आवश्यक आकडा आहे, पण तो एका पुस्तकात आहे आणि प्रयोगशाळेच्या भिंतीवर दुसरेच पुस्तक टांगलेले आहे. भिंतीवरच्या पुस्तकात विषाचा साक्षीदार एकच, तो म्हणजे मासा. आणि माशांची कसोटी तालुक्याच्या गावी कोण घेणार?

आकड्यांबाबतची बेफिकिरी आणखी एका ठिकाणी दिसते. १९९८ च्या नियमांत जंतुनाशनासाठी किमान १ टक्का हायपोक्लोराइट सांगितले होते. २०१६ मध्ये ते एकदम किमान १० टक्के झाले आणि त्याला '३० टक्के शेष क्लोरीन' अशी जोडही दिली गेली. अकरावीचा विद्यार्थीही गणित करून सांगेल की, १० टक्के सोडियम हायपोक्लोराइटच्या द्रावणात उपलब्ध क्लोरीन साडेनऊ टक्क्यांच्या आसपासच असू शकतो. ३० टक्के येणार कोठून? २०१८ मध्ये हायपोक्लोराइटची टक्केवारी १ ते २ अशी खाली आणली गेली. ही दुरुस्ती स्वागतार्ह आहे. पण मधल्या काळात ज्यांनी नियम शब्दशः पाळला, त्यांनी गरजेच्या कितीतरी पट क्लोरीन नालीत ओतला. नियम पाळणाऱ्यालाच शिक्षा, असे हे झाले.

असे का झाले?

याचे कारण इतिहासात आहे. १९९६ साली दिल्लीतील कचऱ्याबाबतच्या वढेरा खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने मोठ्या रुग्णालयांना भट्ट्या किंवा त्यासारखी साधने बसवण्यास सांगितले. पाठोपाठ दोन वर्षांनी नियम आले. तो काळ एच.आय.व्ही.च्या आणि कावीळ-ब च्या भीतीचा होता. रस्त्यावर पडलेली सुई आणि रक्ताळलेली पट्टी डोळ्यांना दिसत होती. बेसिनमधून गेलेले पाणी दिसत नव्हते. साहजिकच नियमाचा सारा भर जंतूंवर आणि भट्टीवर राहिला. भीती ज्या दिशेची, नियमही त्याच दिशेचा, हे समजण्यासारखे आहे. पण त्यानंतर पाव शतकाहून अधिक काळ गेला. तालुक्याच्या गावात तेव्हा नसलेली तपासणी यंत्रे आज आहेत आणि तपासण्यांची संख्या वाढतच जाणार आहे. ती वाढावी अशीच आमची इच्छा आहे. तपासणी कमी करा, असे या लेखात कोठेही म्हटलेले नाही.

प्रमाणाचे भानही ठेवले पाहिजे. एका लहान प्रयोगशाळेच्या बेसिनमुळे अख्ख्या गावाची विहीर विषारी होईल, असा दावा आम्ही करत नाही. कपाशीच्या शेतात फवारल्या जाणाऱ्या कीटकनाशकांपुढे ही रसायने वजनाने किरकोळ आहेत. धोका कोणाला, याचा क्रम आमच्या मते असा लागतो. पहिला, बादल्या आणि नळ्या धुणारा मदतनीस, जो रोज तो वास घेतो. फॉर्मेलिनमधील फॉर्माल्डिहाइडमुळे माणसाला कर्करोग होतो, असा निर्णय आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने २००४ साली दिला आहे. दुसरा, नाली उपसणारा सफाई कामगार. तिसरा, शोषखड्ड्याजवळचा हातपंप. पहिल्या दोघांना विचारून नियम केलेले नाहीत, आणि तक्त्यावरची रसायनांची नावे त्यांना वाचता येतीलच असे नाही.

करता येण्याजोगे

टीका करणाऱ्याने पर्यायही सांगावा. सर्वांत स्वस्त पर्याय म्हणजे विष विकतच न घेणे. हिमोग्लोबिनसाठी सोडियम लॉरिल सल्फेटवर आधारलेली सायनाइडमुक्त पद्धत उपलब्ध आहे. क्रिएटिनिनसाठी विकरांवर आधारलेली पद्धत आहे. ती महाग पडते, म्हणून सरकारी खरेदीत तिला प्राधान्य मिळाले तर किंमत खाली येऊ शकेल. लघवीतील साखरेसाठी बेनेडिक्टऐवजी कागदी पट्टी पुरते.

जे टाळता येत नाही ते वेगळे ठेवावे. झायलीन व अल्कोहोल यांसारखे पेट घेणारे द्रव, फॉर्मेलिन, धातूंचे क्षार, आणि आम्ले, असे चार घट्ट झाकणांचे कॅन, त्यांवर मराठीत ठळक नाव. सायनाइड असलेले द्रव मात्र आम्लापासून दूर, पाचव्या कॅनमध्ये. एक कॅन भरायला लहान प्रयोगशाळेला कित्येक आठवडे लागतील.

प्रश्न उरतो हे कॅन नेणार कोण? विदर्भात घातक कचऱ्याची सामूहिक सोय नागपूरजवळच्या बुटीबोरीला आहे. संग्रामपूरहून ती अडीचशे किलोमीटरहून दूर आहे. एका प्रयोगशाळेने पाच लिटरचा कॅन घेऊन तिकडे जावे ही अपेक्षाच हास्यास्पद आहे. पण पिवळी पिशवी नेणारी गाडी येतेच. तालुक्याच्या सरकारी रुग्णालयात कुलूपबंद, हवेशीर अशी एक खोली ठरवून सर्व प्रयोगशाळांचे कॅन तेथे जमा करावेत आणि तीन महिन्यांतून एकदा ते रीतसर परवान्याच्या वाहनाने पुढे पाठवावेत, असे बंधन सामूहिक केंद्रावर घालता येईल. नियमाने प्रत्येक लहान माणसावर स्वतंत्र टाकी बांधण्याची जबाबदारी टाकली आहे. ती तो पाळू शकत नाही, म्हणून कोणीच विचारत नाही. पाळता न येणारा कडक नियम आणि नियम नसणे, यांत नालीच्या दृष्टीने फरक नसतो.

आपल्या शाळेचे काय?

शेवटी आपल्या घराकडे वळू. नियमात शाळेची प्रथमोपचार खोली आहे. म्हणजे कापसाच्या बोळ्याची काळजी घेतली आहे. शेजारच्या रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेतील मोरचूद, फेलिंगचे द्रावण, सिल्व्हर नायट्रेट यांना मात्र या तक्त्यात जागा नाही. तेव्हा शिक्षकांनी नियमाची वाट पाहू नये. मोरचुदाच्या उरलेल्या द्रावणात लोखंडी खिळे टाकून तांबे बाहेर काढण्याचा प्रयोग अभ्यासक्रमात आहेच. तो फक्त धातूंच्या क्रियाशीलतेची श्रेणी दाखवण्यासाठी न करता, वर्षभराच्या उरलेल्या द्रावणावर करावा आणि निळा रंग गेल्यावरच ते पाणी सोडावे. वर दिलेला सात लिटर पाण्याचा हिशेब मुलांकडून फळ्यावर करून घ्यावा. प्रात्यक्षिकाच्या वहीत साहित्य, कृती, निरीक्षण, अनुमान हे चार मथळे असतात. त्यांखाली 'उरलेल्या द्रावणाचे काय केले' हा पाचवा मथळा घालायला कोणत्याही मंडळाची परवानगी लागत नाही.

आज त्या वहीत हा मथळा लिहिणाऱ्या मुलांपैकीच कोणी उद्या तालुक्यात प्रयोगशाळा चालवील, तर कोणी नियमाचा मसुदा करायला बसेल. तो मसुदा लिहिताना त्याला पिशवीबरोबर बेसिनही आठवले, तर आपण शिकवलेले रसायनशास्त्र सार्थकी लागले असे म्हणता येईल.